रजनी शेजारी असावी, पण—

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नात तेव्हा अकरावीत होती. एके दिवशी दुपारी हिंदीचे पाठ्यपुस्तक हातात घेऊन ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि तिने मला विचारले, "आजोबा, ही रजनी तुम्हाला खरंच आवडायची?"

"कोण रजनी?" असे विचारण्याचे मला कारण नव्हते. आमच्या पिढीला रजनी एकच ठाऊक. मी वर्तमानपत्राची घडी करीत म्हणालो, "आवडायची म्हणजे काय! सगळी मुंबई खूश होती तिच्यावर."

"मला नाही आवडली," नात म्हणाली. "किती हुकूम सोडते! मुलगा दुसऱ्याचा, शाळा दुसऱ्याची, आणि ही मध्ये पडणारी कोण? त्या बिचाऱ्या मुलाला विचारलं तरी का तिनं?"

एवढे बोलून ती चहा ठेवायला आत निघून गेली. माझे मात्र वाचनातले लक्ष पार उडाले. तीस-पस्तीस वर्षे मनाच्या तळाशी गाडून ठेवलेली एक गोष्ट त्या पोरीने सहज उकरून काढली होती.

ज्यांनी 'रजनी' पाहिली नसेल अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. साल १९८५. वरळीचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालेले. रंगीत चित्रे येऊन जेमतेम तीन वर्षे लोटलेली. दूरदर्शन दाखवील ते सगळ्यांनी मिळून पाहायचे, असा तो काळ. त्या काळात बासू चटर्जींनी 'रजनी' ही मालिका आणली. रजनीची भूमिका प्रिया तेंडुलकर करीत. विजय तेंडुलकरांची ही कन्या स्वतःही चांगल्या कथा लिहीत असे. रजनी ही कोणी पुढारी नव्हे, की मोठी अधिकारी नव्हे. तुमच्याआमच्या घरात असते तशी एक गृहिणी. फक्त आपण ज्याला "चालायचंच" म्हणतो, त्याला ती "का म्हणून?" असे विचारी. गॅस देणारा अडवतो? चला त्याच्या दुकानी. टॅक्सीवाला नाही म्हणतो? चला, त्याला जाब विचारू. टॅक्सीचा तो भाग दाखवल्यावर खरेखुरे टॅक्सीवाले चिडून निषेधाला उभे राहिले होते! पडद्यावरच्या बाईने रस्त्यावरच्या माणसांची झोप उडवावी, हे त्याआधी फारसे कोणी पाहिलेले नव्हते.

नातीच्या पुस्तकात होता तो या मालिकेतलाच एक भाग. तो मन्नू भंडारींनी लिहिला होता. ज्यांच्या कथेवरून बासुदांनी १९७४ साली 'रजनीगंधा' काढला, त्याच या लेखिका. शेजारच्या लीलाबेनच्या अमितला गणितात कमी गुण मिळतात. मुलगा हुशार, पण त्याने वर्गातल्या मास्तरांची शिकवणी लावलेली नसते, हे खरे कारण. रजनी तडक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी वाद घालते. तेथे डाळ शिजत नाही तेव्हा शिक्षण खात्याच्या संचालकांकडे जाते. तेथून वृत्तपत्राच्या संपादकाकडे. आणि शेवटी पालकांची सभा भरवून मास्तरांनी आपल्याच विद्यार्थ्यांची शिकवणी घेऊ नये असा नियम मंजूर करून घेते. मात्र अमित तिला आधीच विनवीत असतो की, मावशी, तू शाळेत जाऊ नकोस, सर माझ्यावर डूख धरतील. रजनी त्याचे ऐकत नाही. माझ्या नातीने बोट ठेवले होते ते नेमके येथे.

आता खरे सांगायचे तर, पडद्यावरची रजनी आवडणे फार सोपे होते. तिचे भांडण अर्ध्या तासात संपे. ती आपल्या दाराची कडी कधी वाजवीत नसे. आपल्याला रजा टाकायला सांगत नसे, वर्गणी मागत नसे, रांगेत उभे करीत नसे. खुर्चीत बसून शेंगा खाता खाता अन्यायाचा मोड झालेला पाहायला मिळत असेल तर तो कोणाला आवडणार नाही? मलाही आवडे. पण ही रजनी आपल्याच इमारतीत राहायला आली तर?

आमच्या इमारतीत ती आधीपासूनच राहत होती!

मुंबईच्या एका उपनगरात आमची चार मजली इमारत होती. सोळा बिऱ्हाडे. तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहत. वय पन्नाशीच्या आसपास, पदर सदैव कमरेला खोचलेला, आवाज असा की तळमजल्यावरच्या माणसालाही आपल्या शेजारीच बोलताहेत असे वाटावे. काका अगदी उलट. हातात पिशवी घेऊन काकूंच्या मागे दोन पावलांवर उभे राहायचे, एवढेच त्यांचे काम. काकू कोणाला काही सुचवीत नसत, सांगत असत. "तुमची सायकल जिन्याखालून काढा." "तुमच्या मोरीचा नळ गळतोय, वायसर बदला." "बाळाला एवढं गुंडाळू नका, घामोळं येईल." हे शेवटचे माझ्या बायकोला, आणि बाळ आमचे पहिलेच. बायको आत येऊन म्हणाली, "ह्यांना विचारलंय कुणी?"

पाण्याच्या टाकीला झाकण बसले ते काकूंमुळे. जिन्यात दिवा लागला तो काकूंमुळे. पण त्या दिव्याच्या उजेडात वर येताना काकू समोर दिसल्या की आम्ही मंडळी उगीचच घाईत असल्यासारखे दोन दोन पायऱ्या चढत असू. मालिका सुरू झाल्यावर त्यांचे बारसे व्हायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कोण्या कॉलेजकुमाराने त्यांना 'रजनीकाकू' म्हटले आणि ते नाव इमारतभर झाले. पाठीमागे, अर्थातच. एकदा ते त्यांच्या कानावर गेले. मला वाटले, आता स्फोट होणार. पण त्या एवढेच म्हणाल्या, "त्या रजनीचं बरं आहे. अर्ध्या तासात काम होऊन घरी जाते. मला वायसर मिळवायला तीन दुकानं हिंडावी लागतात."

एक गोष्ट आज मला दिसते, तेव्हा दिसत नव्हती. आमच्या कचेरीतले मोठे साहेब काकूंच्या दुप्पट हुकूम सोडीत. त्यांना आम्ही 'करारी' म्हणत होतो. घरी माझे वडील ताट वाढायला दोन मिनिटे उशीर झाला तर घर डोक्यावर घेत. ते 'शिस्तीचे'. आणि टाकीवर झाकण बसवा असे सांगणाऱ्या काकू मात्र 'आगाऊ'. पुरुषाच्या आवाजाला एक शब्द आणि बाईच्या त्याच आवाजाला दुसरा, हा हिशेब आम्ही कोणाकडून शिकलो होतो, देव जाणे!

मग ते गॅसचे प्रकरण उद्भवले. त्या दिवसांत गॅस घरात असणे ही मिरवण्याची गोष्ट होती. नव्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. त्यामुळे मिळेल ते सिलिंडर मुकाट्याने आत घ्यायचे, अशी रीत. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या गळ्याशी असलेल्या पट्टीवर लिहिलेले असते, हे मला ठाऊकही नव्हते. काकूंना होते. त्यांनी भंगारवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा मोठा काटा कोठून तरी पैदा केला, फाटकाजवळच्या लोखंडी आडव्या दांड्याला तो टांगला, आणि इमारतीत येणारे प्रत्येक सिलिंडर त्याला अडकवून वर जाऊ लागले. काका वहीत आकडे लिहून घेत. एके दिवशी माझे सिलिंडर दीड किलोने कमी भरले.

सिलिंडर आणणारा पोऱ्या रडकुंडीला आला. "बाई, माझ्या हातात काय आहे? मी नुसता हमाल." काकूंनी त्याला पायरीवर बसवले, चहा पाजला आणि माझ्याकडे वळून फर्मावले, "उद्या अकरा वाजता सगळ्यांनी वितरकाकडे जायचं. तुमचंच सिलिंडर आहे, तेव्हा तुम्ही पुढे राहायचं. बरोबर पावणेअकराला फाटकाशी."

त्या 'पुढे राहायचं'ने माझे डोके फिरले. ही बाई मला काय समजते? मी म्हणालो, "मला रजा मिळणार नाही. कचेरीत फार काम आहे."

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर गेले दोघे. एक काका, आणि दुसऱ्या तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई, ज्यांची शाळा दुपारची होती. वितरकाच्या दुकानात त्यांना सांगण्यात आले की, तुमच्या इमारतीतून दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही. बाकीचे पंधरा जण खूश आहेत, तेव्हा तुम्हालाच तेवढा त्रास कसा? माझ्या नातीच्या पुस्तकातले संचालकही रजनीला असेच काहीसे ऐकवतात. तक्रारच आली नाही, तर आम्ही करायचे काय? तो भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्या वाक्यातला मी एक होतो. मी न जाण्यानेच वितरकाला ते उत्तर पुरवले होते.

पण त्या वेळी मला हे कुठे कळत होते! काकूंनी तक्रारीत माझा ग्राहक क्रमांक दिला होता. मला न विचारता. पुढचे सिलिंडर नोंदवले, आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. सिलिंडर नाही. घरात तान्हे मूल, त्याचे दूध, पाणी, सगळेच अडले. एका संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या आणि माझा तोल सुटला. "तुमच्या पुढारीपणापायी माझ्या घरची चूल बंद पडली! तुम्हाला कुणी सांगितलं होतं आमचा नंबर द्यायला? मोठेपणा तुमचा आणि शिक्षा आम्हाला!" आणखीही बरेच बोललो. चार दारे उघडली, चार चेहरे बाहेर डोकावले. आयुष्यात पहिल्यांदा मी काकूंना गप्प उभे राहिलेले पाहिले. त्यांनी काही उत्तर दिले नाही. वळून वर निघून गेल्या.

अर्ध्या तासाने काका आमच्या दाराशी. मागे पहारेकऱ्याच्या खांद्यावर भरलेले सिलिंडर. "आमच्याकडे जादाचं होतं," काका म्हणाले, आणि पैशाची गोष्ट काढण्याआधीच जिना चढू लागले.

ते जादाचे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात रॉकेलचा वास येऊ लागला. तिसऱ्या मजल्यावर वातीचा स्टोव्ह पेटला होता. सकाळी कचेरीत जाताना आणि संध्याकाळी परतताना मी तो वास घेत होतो. कोणी मला काही बोलले नाही. त्यापेक्षा कोणी चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. माझी बायको एक दिवस नुसती म्हणाली, "दूध तापवताना मला कसंसंच होतं हो."

आठ-दहा दिवसांनी रात्री जेवणे झाल्यावर कडी वाजली. काकू एकट्याच होत्या. आजवर त्या आमच्या उंबऱ्यात उभ्या राहूनच बोलत. त्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसल्या. पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "बाहत्तर साली मी लाटणं घेऊन मोर्चात गेले होते. महागाईच्या. त्या वेळी बायका घरोघर यायच्या बोलवायला. बसायच्या, चहा घ्यायच्या, सासूबाईंशी दोन शब्द बोलायच्या. मी तर सासूबाईंच्या धाकातली. पण त्यांनी स्वतः माझ्या हातात लाटणं दिलं होतं. मी मात्र तुम्हाला नुसती तंबी देऊन मोकळी झाले. तुमचा नंबर विचारून द्यायला हवा होता. चुकलं माझं." आणि मग थोडे थांबून, "शनिवारी पुन्हा जायचं म्हणते. याल का?"

तो मोर्चा मला आठवत होता. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका त्यात एकत्र आल्या होत्या, आणि हजारो गृहिणी थाळ्या वाजवीत, लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडून 'पाणीवाली बाई' झालेल्या मृणालताई पुढे १९७७ साली लोकसभेत गेल्या. त्या मऊ बोलूनच सगळे करीत असतील असे मला वाटत नाही. अधिकाऱ्यांना घेराव घालणाऱ्या बाईचा आवाज चढत असणारच. पण त्यांच्या मागे हजार बायका चालत होत्या, आणि आमच्या काकूंच्या मागे काका. हा फरक आवाजाचा नव्हता. या हजार बायकांच्या घरी आधी कोणीतरी जाऊन बसले होते.

त्या शनिवारी सोळापैकी अकरा बिऱ्हाडांतली माणसे फाटकाशी जमली. दुकानात मला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. काकू बोलल्याच नाहीत. शिक्षिकाबाईंनी वही उघडून तारीखवार वजने वाचली, मी माझे दीड किलो सांगितले, कॉलेजकुमाराने सिलिंडरवरची पट्टी दाखवली. काकू काकांच्या शेजारी, दोन पावले मागे उभ्या होत्या. त्यांना गप्प बसणे किती जड जात होते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते! वितरकाला त्या दिवशी "बाकीचे खूश आहेत" असे म्हणायची सोय उरली नव्हती. पुढच्या खेपेपासून सिलिंडरच्या गाडीबरोबर वजनाचा काटा येऊ लागला, आणि माझे अडलेले सिलिंडर सोमवारी सकाळी आले. ते मी तसेच तिसऱ्या मजल्यावर पोचवले.

पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. एकसारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना मिळून दाद मागता येईल, अशी तरतूद त्यात पुढे १९९३ च्या दुरुस्तीने आली. कायदा करणाऱ्यांना जे कळले ते मुंबईच्या बायकांना आधीच कळलेले होते. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवीत आणि आपापसांत वाटून घेत. काकू पुढे त्यातही शिरल्या. तेथे कामे पाळीपाळीने करायची असतात, हे त्यांना पटायला बराच वेळ लागला, असे शिक्षिकाबाई सांगत.

कारण काकू बदलल्या असे कोणी समजू नये! त्या शनिवारी दुकानातून परत येताच त्यांनी मला फाटकाशी अडवले. मला वाटले, आभार मानणार. त्या म्हणाल्या, "तुमची सायकल अजून जिन्याखालीच आहे."

आता काकू नाहीत. इमारतीत नळाने गॅस आला, आणि फाटकाजवळचा तो आडवा दांडा नुसताच राहिला आहे. नव्या बिऱ्हाडांना तो कशासाठी आहे हे ठाऊक नाही. मुले त्याला लोंबकळतात.

नात चहा घेऊन आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. म्हटले, "तुझं म्हणणं बरोबर आहे. अमितला विचारायला हवं होतं. दुसऱ्यासाठी भांडणाऱ्यानं, मार कोणाच्या पाठीवर पडणार हे आधी पाहिलं पाहिजे. पण पुढचंही वाच. संपादकाकडे जाऊन, पालकांना बोलावून ती सभा भरवते, तिथं ती एकटी राहत नाही. इतके पालक इतकी वर्षं गप्प घरी बसले होते, त्यांच्याबद्दल तुला काहीच म्हणायचं नाही?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "पण काकू तुम्हाला आवडायच्या का, ते नाही सांगितलंत."

"त्या समोरून आल्या की मी शेवटपर्यंत दोन दोन पायऱ्या चढत होतो," मी म्हणालो. "पण घरात काही अडलं की पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर जात होतो. याला काय म्हणायचं ते तूच ठरव."

ती हसली. कप उचलता उचलता थांबून तिने विचारले, "आणि आजोबा, दुसऱ्या वेळी तुम्हाला रजा कशी मिळाली? पहिल्यांदा तर साहेब देत नव्हते ना?"

हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. काकूंनीही नाही.

"पहिल्यांदा मी मागितलीच नव्हती," मी म्हणालो.